दात नसलेली किल्ली

तळोद्याच्या आमच्या लॉजवर कुणी खोली मागायला आलं, की चाचा त्याला नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत, किती दिवस मुक्काम तेही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"घरले कुलूप कोनतं शे?"

माणूस गोंधळायचाच. सुरतेहून आलेला कापडाचा एक एजंट एकदा चांगलाच भडकला. म्हणाला, माझ्या घराच्या कुलपाशी तुम्हाला काय करायचंय? चाचांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "तुले खोली देवानी शे ना भो, म्हनीसन इचारी ऱ्हायनू."

त्यांचा हिशोब असा होता. जो माणूस घराला मोठं पितळी कुलूप लावतो आणि वर साखळीही घालतो, त्याची झोप पातळ. जिन्यावर पाऊल वाजलं तरी तो उठून बसणार, म्हणून त्याला कोपऱ्यातली शेवटची खोली. "कुलूप कशाला, घरात कोणीतरी असतंच" असं म्हणणारा माणूस खटल्याच्या, माणसांनी भरलेल्या घरातला. त्याला शांततेत झोप येत नाही, म्हणून रस्त्यावरची खोली. आणि सातपुड्यातून, वरच्या पाड्यांवरून आलेली माणसं सांगायची की कुलूप नाही, दोरी बांधतो. वर घरं कारवीच्या कुडाची, दार बांबूचं, आणि दोरी बांधायची ती शेळ्याकुत्र्यांसाठी. या लोकांना चाचा काउंटरसमोरची चार नंबरची खोली द्यायचे. ही माणसं दार कधी लावतच नसत, तेव्हा कोणाचा तरी डोळा तिकडे असावा म्हणून.

मी तिथे कॉम्प्युटरवर बसायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मलाही हाच प्रश्न आला. माझं माहेर रनाळ्याचं, सासर तळोद्यातलंच. मी म्हटलं, "चाचा, आमच्याकडे कुलूप लागत नाही. सासूबाई आहेत." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून मी त्यांची 'बेटा' झाले. त्यांना नावाने हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे मीही इथे चाचाच म्हणते.

चाचांचं घराणं कुलूपवाल्यांचं. बाजारात मशिदीच्या गल्लीच्या तोंडाशी आजोबांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक पाट, एक छोटी ऐरण आणि भिंतीला टांगलेल्या शेकडो चाव्या, ज्यांची कुलपं कधीच हरवून गेली होती. आजोबांनंतर वडील बसले, वडिलांनंतर चाचा. मग बाजारात स्वस्तातली कुलपं आली. बिघडलं की टाका आणि नवं घ्या. दुरुस्तीला कोणी येईना. अशात आमच्या मोठ्या शेठनी त्यांना लॉजची अकरा कुलपं नीट करायला बोलावलं. काम दोन दिवसांचं होतं. कामं आटपून चाचा काउंटरमागच्या खुर्चीत जरा टेकले, ते पुढची वीस वर्षं उठलेच नाहीत.

धंद्याचे दोन नियम मात्र त्यांनी खुर्चीतही सोडले नाहीत. धनी समोर उभा असल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, आणि उघडताना कोणी बघायचं नाही. एकदा एक माणूस लोखंडी पेटी खांद्यावर टाकून आला. भाऊ गुजरातेत कामाला गेलाय, पेटीत त्याची कागदं आहेत, उघडून द्या म्हणाला. चाचा म्हणाले, भावाला फोन लाव. त्याने लावला. पलीकडून आवाज आला, उघडा चाचा. चाचांनी फोन परत दिला.

"फोनमा कोना बी आवाज ऱ्हास. त्याले आठे लई ये."

भावालाच इथे घेऊन ये म्हणत पेटी त्यांनी काउंटरखाली ठेवून घेतली आणि तिच्यावर पाय टेकवून बसू लागले. होळीला भाऊ गावी आला तेव्हा चाचांनी त्याला बोलावून घेतलं. तो पेटीकडे बघतच राहिला. म्हणाला, "माले तं फोनच नही उना कधी." म्हणजे फोनवर बोलला तो दुसराच कोणी होता. त्या दोघा भावांचं पुढे काय झालं ते चाचांनी कधी सांगितलं नाही. पेटी मात्र धन्यासमोर उघडून दिली आणि तोंड भिंतीकडे करून उभे राहिले.

मोठे शेठ वारले आणि धाकटे शेठ सुरतेहून आले. तिकडे ते हॉटेल लाइनमध्ये होते. इकडच्या रस्त्याने गुजरातला जाणारी पर्यटक मंडळी वाढली होती, पवनचक्कीचे इंजिनिअर यायला लागले होते. धाकट्या शेठनी भिंती रंगवल्या, एसी बसवले, पाटीवरचं 'लॉज' पुसून 'हॉटेल' केलं, आणि अकराही दारांना नवी कुलपं लावली. खोली फोनवर बुक करायची, किल्ली फोनवरच येते. दाराला फोन टेकवायचा किंवा मनगटावरचं घड्याळ टेकवायचं, हिरवा दिवा लागतो, टुंग वाजतं, दार उघडतं. माणसाला काउंटरवर थांबायचीसुद्धा गरज नाही. म्हणजे काउंटरवरच्या माणसाचीही नाही, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

मला वाटलं होतं, आता महाभारत होणार. झालं उलटंच. चाचा त्या कुलपाच्या प्रेमात पडले. एक जास्तीचं कुलूप आलं होतं, ते त्यांनी काउंटरवर हिरवा रुमाल पसरून पूर्ण खोललं. एकेक स्क्रू ओळीत मांडला. दोन तास बघत बसले आणि मग लहान मुलासारखे ओरडले, "बेटा, हिले दातच नहीत!"

"कोणाला?"

"चावीले! मन्हा बाप ऱ्हाता तं जेवन सोडी दिधं ऱ्हातं हाई देखाले."

मग रोज माझी उलटतपासणी. मी पाहुण्याला किल्ली पाठवली की विचारायचे, "आत्ते कोठे शे ती?" मी म्हणायचे, फोनमध्ये. "फोनमा कोठे?" मी म्हणायचे, चाचा, ती दिसत नाही. त्यावर ते मान हलवायचे, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारायचे. ब्लूटूथ हा शब्द ते इतक्या अदबीने उच्चारायचे की एखाद्या बुजुर्गाचं नाव वाटावं.

शेठनी त्यांना एक घड्याळ दिलं होतं, सगळी दारं उघडणारं. ते त्यांनी उजव्या हाताला बांधलं, कारण डाव्या हाताला त्यांचं जुनं चावीचं घड्याळ होतं आणि वेळ ते त्यातच बघायचे. नव्याची एक खोड होती. मनगटावरून उतरवलं की ते स्वतःलाच कुलूप लावून घ्यायचं. मग चार आकडे दाबल्याशिवाय कामाला येत नसे. चाचा नमाजाआधी हातपाय धुताना ते उतरवायचे. म्हणजे दिवसातून दोनतीनदा माझ्यासमोर मनगट पुढे यायचं. "खोल बेटा." आणि मी आकडे दाबत असताना ते तोंड रस्त्याकडे फिरवायचे. मी दहा वेळा सांगितलं, चाचा, तुमचंच घड्याळ आहे, आकडे पाठ करून टाका. ते म्हणाले, घड्याळ शेठचं, आकडे तू घातलेले, मी कशाला बघू? वर आणि "उघडताना देखवानं नही" हे होतंच.

चार नंबरची खोली काउंटरसमोर, म्हणून तिचं दार ही चाचांची प्रदर्शनाची जागा झाली. भाजीवाली आली, तिला दाखव. पोस्टमन आला, त्याला दाखव. धडगावच्या जीपचे ड्रायव्हर चहाला थांबले की सगळ्यांना ओळीने मनगट टेकवून दाखवायचे. टुंग, हिरवा, उघड. लाव. पुन्हा टुंग. "कोठे शे चावी? सांग, कोठे शे?" असं ड्रायव्हरांना विचारायचे आणि त्यांना सांगता आलं नाही की खूष व्हायचे.

पण या कुलपांनी डोंगरातल्या माणसांची पंचाईत केली. त्यांची सवय दार नुसतं लोटून जायची. हे नवं दार लोटलं की आपोआप बंद व्हायचं. किल्ली फोनवर, आणि फोन आत चार्जिंगला लावलेला, कारण पाड्यावर विजेचा भरवसा नाही, इथे आहे तर भरून घ्यावा. ही माणसं चहा पिऊन परत यायची आणि दारासमोर गप्प उभी राहायची. हाक मारायची नाहीत, तक्रार करायची नाहीत. चाचा उठायचे, मनगट टेकवायचे. दिवसात पंधरावीस वेळा उठायचे. धाकटे शेठ एकदा हसून म्हणाले, यांना किती वेळा समजावायचं? चाचा हसले नाहीत.

"भाऊ, त्यासना घरनं दार त्यासले वयखस. तुन्हं दार वयखत नही, त्यामा त्यासनी काय चूक?" दाराने माणसाला ओळखावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

शेठ वाईट माणूस नव्हता. पण कंपनीची अट होती की कुलपाला बाहेरच्या कोणी हत्यार लावलं तर त्यांची जबाबदारी संपली. म्हणून त्यांनी चाचांना स्पष्ट सांगितलं होतं. कानशी, कुलपं उघडायचे तारेचे आकडे, सगळी हत्यारं घरी न्या. एकाही दाराला हात लावलात तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. चाचांनी त्याच दिवशी हत्यारं फडक्यात गुंडाळून घरी नेली.

मी तेव्हा गमतीने म्हटलं होतं, "चाचा, आता आराम करा की घरी." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. घरी तीन मुलं, सुना, नातवंडं, सगळं भरलेलं होतं. कोणी वाईट वागत नव्हतं.

"घरमा मी म्हातारा शे, बेटा," ते म्हणाले. "कोपरामा बसाडतस, टाइमवर चहा देतस. आठे लोके माले काही इचारतस. हाई खुर्ची गई तं मी बी गया समज."

हे त्यांनी रडून सांगितलं नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. म्हणूनच ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

ती म्हातारी आली तो दिवस मला नीट आठवतो. वरच्या कुठल्याशा पाड्यावरची, सोबत पुतण्या. नवरा गेल्यावर जंगलातल्या जमिनीचा दावा तिच्या नावावर चालवायचा होता आणि दुपारी तीनला ऑफिसात सुनावणी होती. मागच्या खेपेला एक कागद कमी पडला म्हणून तिला परत पाठवलं होतं. या वेळी तिने घरातला कागद म्हणून होता तेवढा सगळा एका पिशवीत भरून आणला होता. रेशनकार्डापासून ते नवऱ्याच्या शाळेतल्या दाखल्यापर्यंत. चाचांनी कुलपाचं विचारलं. तिने दोरी सांगितली. चार नंबर मिळाला.

दोघं पिशवी पलंगाखाली ठेवून, दार लोटून भजी खायला गेली. एक वाजता परत आली. चाचांनी उठून मनगट टेकवलं. काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. मी माझा फोन टेकवला. कुलूप मेलं होतं.

ते का मेलं हे मला त्याच क्षणी कळलं. माझ्या स्क्रीनवर चार नंबरपुढे चार दिवस लाल खूण येत होती. सेल संपत आल्याची ती खूण. समोरच्या दुकानातून सेल आणायचे आणि बदलायचे, एवढंच काम. आज करू, उद्या करू म्हणत मी ते ढकललं. कारण सांगावं असं काही नाही, निव्वळ आळस. मी हळूच ती खिडकी स्क्रीनवरून बंद केली आणि कोणाला काही बोलले नाही.

सेल बदलायची सोय दाराच्या आतल्या बाजूने. बाहेरून तार लावून वीज द्यायची सोय महाग कुलपांना असते, आमच्यांना नव्हती. कुलपाच्या झाकणाखाली अडचणीच्या वेळेसाठी साध्या किल्लीचं भोक होतं, पण त्या किल्ल्या शेठच्या सुरतेच्या घरी, तिजोरीत. खोलीची खिडकी एसी लावताना कायमची बुजवलेली. मी शेठना फोन लावला. ते कुठल्या तरी लग्नात होते, मागे बँड वाजत होता. म्हणाले, कंपनीचा माणूस उद्या अकराला येईल. तोवर कोणीही हात लावायचा नाही. "आणि चाचांना मुद्दाम सांगा."

मी चाचांना मुद्दाम सांगितलं.

म्हातारी दाराशी जमिनीवर बसली होती. पुतण्या ऑफिसात जाऊन विचारून आला. तिथे सांगितलं की कागद नसतील तर पुढची तारीख, आणि पुढची तारीख कधी ते सांगता येत नाही. त्याने तिला तिच्या भाषेत ते समजावलं. तिने फक्त दारावरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

चाचांनी डाव्या मनगटावर वेळ बघितली आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, नमाजाला गेले. वीस मिनिटांनी आले तेव्हा हातात फडक्यात गुंडाळलेली हत्यारं होती.

"चाचा, शेठ नको म्हणालेत," मी म्हटलं. "तुमची खुर्ची जाईल."

"माहीत शे."

"मग?"

"शेठ धनी शे हॉटेलना. हाई खोली आज या बाईनी शे. पैसा भरेल शेत तिनी." मग ते म्हातारीपुढे उकिडवे बसले. "बाई, धनी तू शे. तू सांग, उघाडू का?"

तिला कळलं नाही. पुतण्याने सांगितलं. तेव्हा ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "उघड."

चाचांनी आम्हा सगळ्यांना तोंडं रस्त्याकडे करायला लावली. मी, पुतण्या, म्हातारी, चहा पीत असलेले दोन जीपवाले, सगळे शाळेतल्या पोरांसारखे पाठ करून उभे. मागून 'बिस्मिल्ला' ऐकू आलं. मग बारीक खरखर, एक टिक, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग दार किरकिरलं. वळून बघितलं तर कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. चाचांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा, खरं सांगते, दहा वर्षांनी लहान दिसत होता. म्हातारीने पिशवी ओढून काढली, छातीशी धरली आणि दोघं अक्षरशः पळत सुटली.

पाचच्या सुमाराला ती परत आली. कागद घेतले होते, दावा नोंदवला होता, पोच दिली होती. तिने ती पोच आधी चाचांच्या हातात दिली. चाचांनी ती दोन्ही हातांनी धरून वाचली आणि दोन्ही हातांनी परत केली.

तोवर मी सेल आणून बदलले होते. चार नंबर पुन्हा टुंग म्हणायला लागला होता. मी चाचांजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "झालं. आता विसरून जा. सेल नसताना कुलूप काही नोंदवत नाही, कोणाला कळणार नाही. कंपनीच्या माणसाला सांगू, दार उघडंच होतं."

"नोंद मन्हा मनमा जयी ना, बेटा. लाव शेठले फोन."

मी हात जोडले. म्हटलं, कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता? ते म्हणाले, उद्या एखाद्या खोलीत चोरी झाली तर? शेठ समजणार की कुलूप उघडूच शकत नाही, म्हणजे आतल्याच कोणी केलं. झाडू मारणाऱ्या बाईवर येईल, नाहीतर तुझ्यावर येईल. कुलपात खोट आहे हे त्याला कळायला नको? मग मी फोन लावून दिला. चाचांनी सगळं सांगितलं, सरळ, एक शब्द न लपवता. पलीकडून बँडच्या आवाजात शेठ एवढंच म्हणाले, उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी शेठ आणि कंपनीचा माणूस बरोबरच आले. कंपनीच्या माणसाने कुलूप उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, हे असं उघडणं शक्यच नाही. चाचांनी त्याला आत पाठवून दार लावून घेतलं आणि बाहेरून हत्याराने उघडून दिलं. बाहेर आला तो कुलपाच्या भोकाला डोळा लावून बघायला लागला. मग त्याला एकदम काही आठवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "पण मॅडम, सेल संपायच्या चार दिवस आधी सूचना येते. स्क्रीनवर लाल खूण. आली नाही का?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली वळवली.

"मन्ही चूक शे ती," चाचा मध्येच म्हणाले. "मी दिनभर समद्यासले दखाडत बसनू, उघाड-लाव, उघाड-लाव. मीच सेल सारी टाकात. चार दिनना सेल एक दिनमा सरनात व्हतीन." आणि लगेच त्यांनी विषय बदलला. भोकाच्या आत पत्र्याची एक छोटी पट्टी बसवली तर ही खोट निघेल म्हणाले. मला दोन दिवस द्या, मी अकराही कुलपांना बसवतो.

कंपनीचा माणूस हो म्हणाला. दोन दिवस चाचा दाराशी बसून काम करत होते. पत्रा कापायचा, कानशीने घासायचा, बसवायचा. कामाच्या नादात गुणगुणतही होते. मला सारखं वाटत होतं की आता सगळं ठीक होणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेठना बोलावलं आणि चार नंबरला स्वतःची सगळी हत्यारं लावून बघितली. या वेळी आम्हाला पाठ करायला लावलं नाही. अर्धा तास खटपट केली. उघडलं नाही. तेव्हा ते शेठकडे बघून हसले.

"आत्ते माले बी उघडत नही, भाऊ."

चाचा हत्यारं फडक्यात गुंडाळायला लागले. एकेक आकडा पुसून, एकेक कानस पुसून. इतका वेळ त्यांनी गुंडाळायला लावला की मला बघवेना. ते वाट बघत होते. शेठनी म्हणावं, मग आता काय हरकत आहे, बसा खुर्चीत, एवढीच वाट बघत होते.

शेवटी शेठ म्हणाले, "चाचा, माझा तुमच्यावर अविश्वास नाही. वडिलांच्या ठिकाणी आहात. पण जीपवाल्यांनी गावभर केलंय, त्या हॉटेलातला म्हातारा कुठलंही दार उघडतो म्हणून. कौतुकानेच सांगतात, पण गिऱ्हाईक ऐकतं ना. त्याला मी काय सांगू, पट्टी बसवली म्हणून?"

"बरोबर शे तुन्हं," चाचा म्हणाले. "मी धनी ऱ्हातू तं मी बी नही ठेवतू." आणि उजव्या हातातलं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. शेठ, सेल माझ्यामुळे संपले, चाचांना हत्यार उचलायची वेळ माझ्यामुळे आली, एवढी दोन वाक्यं. ती माझ्या जिभेवर होती. पण घरी नवऱ्याचं काम सुटलेलं होतं, आणि मला ती नोकरी हवी होती. मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले. चाचा "येस बेटा" असा निरोप घेऊन गेले.

याला आता दोन वर्षं होत आली. खुर्ची काढून टाकली, तिथे झाडाची कुंडी आहे. मी आता मॅनेजर आहे. डोंगरातली माणसं अजूनही दार लोटून जातात आणि परत येऊन गप्प उभी राहतात. आता मी उठते.

चाचांच्या गल्लीकडे मात्र मी कधी वळले नाही. रस्ता वाकडा करून जायचे. मागच्या बाजाराच्या दिवशी ते अचानक समोर आले. हातात कोथिंबिरीची जुडी, अंगावर तोच सदरा, पण तो आता त्यांना मोठा होत होता. आवाज खाली गेला होता. मी विचारलं, कसे आहात? "बरं शे," म्हणाले, "टाइमवर चहा भेटस." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्याजवळ सरकले आणि दबक्या आवाजात विचारलं,

"बेटा, ती लाल खूणनं शेठ तुले मांगून काही बोलना नही ना?"

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. कंपनीचा माणूस बोलला आणि माझा चेहरा उतरला, तेव्हाच. दोन वर्षं घरच्या कोपऱ्यात बसून हा माणूस माझ्या नोकरीची काळजी करत होता. मी मान हलवून नाही म्हटलं.

"बरं जयं," चाचा म्हणाले. त्यांना खरंच हायसं वाटलेलं दिसलं. मग जुडी दुसऱ्या हातात घेऊन ते गर्दीतून सावकाश घराकडे निघाले. मी मागून "चाचा" म्हणून हाक मारली. ते थांबले, वळून बघायला लागले, आणि मला भर बाजारात रडू कोसळलं.